अमाल्फीची गाडी करा, पण आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न : मी जानेवारीत वयाची ६० वर्षं पूर्ण करून सातपूरच्या एका खासगी कारखान्यातून निवृत्त झालो. मे महिन्यात मी, सौ., थोरली ताई आणि भावोजी असे चौघं एका टूर कंपनीबरोबर इटलीला जात आहोत. आम्हा दोघांचे ५ लाख ४० हजार भरून झाले, वर टीसीएस म्हणून २७ हजार गेले. शेवटचे दोन मुक्काम नेपल्सला आहेत आणि मधला एक दिवस मोकळा आहे. त्या दिवशी अमाल्फीचा किनारा बघायची सौ.ची फार इच्छा आहे. तिथल्या एका गाडीवाल्याने चौघांच्या खासगी गाइडेड टूरचे ७०० युरो सांगितलेत. सकाळी हॉटेलवरून नेणार, सोरेंतो, पोझितानो, अमाल्फी, रावेल्लो दाखवून संध्याकाळी परत सोडणार. मुलगा म्हणतो, बोटीने आणि बसने पाव किमतीत होतं. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. तिच्याकडून आणि भावोजींकडून पैसे मागणं बरं दिसत नाही, म्हणून सगळे आम्हीच भरू असा विचार आहे. पैशाची तशी अडचण नाही. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे मिळून ४४ लाख आले, आधीच्या ८ लाखांच्या एफडी आहेत. घर स्वतःचं, कर्ज नाही. घरखर्च महिना ३२ हजार. एका गाळ्याचं साडेआठ हजार भाडं आणि साडेतीन हजार पेन्शन येतं. बँकेतल्या मॅडमनी ५ लाख एका चांगल्या योजनेत टाकून दिलेत. एकदाच भरायचे, दरवर्षी ८ टक्के मिळणार, वर विमा. म्हणजे वर्षाला ४० हजार सुटतील. त्यात थोडी भर घालून दरवर्षी एक परदेश करायचा असं आम्ही ठरवलंय. पॉलिसी ११ मार्चला ईमेलवर आली, पहिल्या काही पानांचे फोटो जोडले आहेत. बाकीचे कागद दौऱ्यावरून आल्यावर निवांत वाचीन. तर ७०० युरो द्यावेत का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : गाडी करा आणि पैसे दोन्ही घरांनी निम्मे निम्मे भरा. का आणि कसे, ते पुढे सविस्तर लिहिलं आहे, पण ते आज वाचलं नाही तरी चालेल. आज बोलायचं आहे ते तुम्ही जोडलेल्या दुसऱ्या फोटोबद्दल. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी तुम्हाला ईमेलने कळवलं होतं की बाकी सगळं बाजूला ठेवून विमा कंपनीत अर्ज द्या. तुमच्यासारखीच फसगत झालेले वाचक पुष्कळ आहेत, म्हणून ते सगळं इथे पुन्हा मांडतो. आज ३० मार्च. तुमच्याकडे १० एप्रिलपर्यंतचा वेळ आहे.

दुसऱ्या फोटोत पॉलिसीचा तक्ता आहे. त्यात तीन ओळी आहेत. प्रीमियमचा प्रकार : वार्षिक. प्रीमियम भरण्याची मुदत : १० वर्षे. पॉलिसीची मुदत : १५ वर्षे.

म्हणजे पाच लाख एकदाच भरायचे नाहीत. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा पाच लाख, त्याच्या पुढच्या मार्चमध्ये पुन्हा पाच, असे वयाच्या ६९व्या वर्षापर्यंत. एकूण ५० लाख. निवृत्तीनंतर तुमच्याकडे सगळे मिळून ५२ लाख होते.

आता ८ टक्क्यांचं बघू. तुमच्या तिसऱ्या फोटोत एक कोष्टक आहे आणि त्याखाली तुमची सही आहे. त्यात दोन रकाने आहेत, एकावर ४ टक्के लिहिलंय आणि दुसऱ्यावर ८ टक्के. बोनस मिळणाऱ्या पॉलिसीच्या कोष्टकात हे दोन आकडे दाखवावेच लागतात. कंपनीच्या गुंतवणुकीवर एवढा परतावा मिळाला तर काय होईल, हे दाखवण्यासाठी ते गृहीत धरलेले असतात. त्यातून कंपनीचा खर्च, एजंटाचं कमिशन आणि विम्याची किंमत वजा होते आणि मग तुमच्या हातात काय ते पडतं. ८ टक्के तुम्हाला मिळणार असं त्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही. दरवर्षी काही मिळणार असंही लिहिलेलं नाही. जे मिळायचं ते पंधरा वर्षांनी, एकरकमी.

किती? तुमच्याच कोष्टकातले आकडे घेतो. ८ टक्क्यांच्या रकान्यात पंधराव्या वर्षाअखेर ७८ लाख. दरवर्षी पाच लाख असे दहा वर्षं भरून, मग पाच वर्षं थांबून ७८ लाख, म्हणजे वर्षाला सव्वाचार टक्के पडतात. हा चांगला रकाना झाला. ४ टक्क्यांच्या रकान्यात ५७ लाख आहेत, म्हणजे सव्वा टक्का. साध्या बचत खात्यावरही यापेक्षा जास्त मिळतं. बहुधा या दोन्हींच्या मधलं काहीतरी तुम्हाला वयाच्या ७५व्या वर्षी मिळेल. तेही दहाच्या दहा हप्ते भरलेत तर.

ते तुम्ही भरूच शकणार नाही, हे पुढचं. दौरा, व्हिसा, खरेदी आणि ही गाडी धरून साडेसहा लाख जातील. पहिला हप्ता पाच लाख गेलाच आहे. उरले साडेचाळीस लाख. घरखर्चाचे ३२ हजार, त्यातून भाडं आणि पेन्शन मिळून १२ हजार वजा केले तर महिन्याला २० हजार, वर्षाला २ लाख ४० हजार शिलकीतून काढावे लागतील. वर पाच लाखांचा हप्ता. म्हणजे पहिल्याच वर्षी सात लाख चाळीस हजार बाहेर, आणि महागाईने दरवर्षी थोडे जास्त. उरलेल्या रकमेवर ७ टक्के व्याज धरलं तरी सातव्या वर्षी शिल्लक संपते. तुम्ही तेव्हा ६७ वर्षांचे असाल, तीन हप्ते बाकी असतील आणि पॉलिसीचे पैसे हातात यायला आणखी आठ वर्षं असतील. प्रत्यक्षात इतके हप्ते कोणी भरत नाही. दुसऱ्या वर्षी बँकेतून फोन येतो, तेव्हा माणूस हादरतो आणि पॉलिसी तशीच सोडून देतो. पहिल्या हप्त्याचा मोठा भाग तिथेच बुडतो.

विकणाऱ्यांना हे ठाऊक असतं, आणि मला संताप येतो तो त्याचाच. साठ वर्षांचा माणूस, खात्यात नुकतेच पीएफचे पैसे जमा झालेले, नियमित पगार बंद. अशा माणसाला दहा वर्षं हप्ते भरायची योजना विकण्याचं कोणतंही समर्थन होऊ शकत नाही. तुमची पॉलिसी मार्चमध्ये झाली, हाही योगायोग मानू नका. आर्थिक वर्ष संपताना शाखेवर विम्याचं टार्गेट असतं आणि कोणाच्या खात्यात निवृत्तीची रक्कम आली आहे हे काउंटरच्या आतल्या माणसाला समोरच्या पडद्यावर दिसतं. त्या मॅडम स्वभावाने वाईट आहेत असं मी म्हणत नाही. कदाचित त्यांनाही वरून रोज फोन येत असतील. पण पैसे तुमचे गेलेत.

आणि पाच लाखच का, सात किंवा आठ का नाहीत? १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा पॉलिसींचा वार्षिक प्रीमियम एकूण पाच लाखांच्या वर गेला, तर मुदतीनंतर मिळणाऱ्या रकमेवरची करसवलत जाते. म्हणून ग्राहकाला झेपेल ती रक्कम न बघता त्या मर्यादेला टेकून पॉलिसी विकली जाते. तुमच्या पाच लाखांचा तुमच्या गरजेशी काही संबंध नव्हता.

आता करायचं काय. आयुर्विम्याच्या पॉलिसीला 'फ्री लूक' काळ असतो. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. पूर्वी बहुतेक पॉलिसींना हे १५ दिवस होते, २०२४च्या नियमांनी सगळ्यांना ३० झाले. तुमची पॉलिसी ईमेलवर ११ मार्चला आली, म्हणजे मोजणी तिथून सुरू. कागद दौऱ्यावरून आल्यावर वाचीन असं तुम्ही लिहिलंत. दौरा मे महिन्यात आहे. तोवर ही मुदत संपून महिना उलटून गेला असता. शेवटच्या तारखेची वाट बघू नका, मध्ये सुट्ट्या येतात. दोन दिवसांत काम उरका.

अर्ज बँकेकडे नाही, विमा कंपनीकडे द्यायचा. बँक इथे फक्त एजंट आहे, करार तुमचा आणि विमा कंपनीचा आहे. नाशिकमध्ये त्या कंपनीची शाखा असेलच, तिथे स्वतः जा. साध्या कागदावर पॉलिसी क्रमांक, पॉलिसी मिळाल्याची तारीख आणि 'फ्री लूक कालावधीत पॉलिसी रद्द करून पैसे परत हवेत' एवढं स्वच्छ लिहा. कारण लिहायला हवंच, आणि ते तुमच्याकडे खरंखुरं आहे : मला एकदाच भरायची योजना म्हणून सांगितलं, पॉलिसीत दहा वर्षं हप्ते आहेत, या अटी मला मान्य नाहीत. सोबत रद्द केलेला चेक आणि ओळखपत्राची प्रत जोडा. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का आणि सही घ्या. शिक्का मिळाल्याशिवाय काउंटर सोडू नका. घरी येऊन तोच अर्ज कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर, पॉलिसी ज्या ईमेलवर आली त्याच पत्त्यावरून पाठवा. स्टॅम्प ड्युटी, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि जितके दिवस विमा चालू होता तितक्या दिवसांची विम्याची किंमत एवढंच कापून बाकी पैसे परत येतात.

बँकेतून तुम्हाला फोन येईल, तेव्हा काय ऐकायला मिळेल तेही सांगून ठेवतो. 'अर्ज माझ्याकडे द्या काका, मी पाठवते.' देऊ नका, तो टेबलावर पडून राहील. 'दोन वर्षं भरा, मग सगळे काढता येतात.' साफ खोटं. नव्या नियमांनुसार एक वर्षाचा प्रीमियम भरून वर्ष पूर्ण झालं की सोडल्यावरही काही रक्कम मिळते हे खरं, पण भरलेले पैसे पुरते परत येत नाहीत. 'ही नको तर दुसरी योजना बदलून देतो.' नको म्हणा, पैसे हवेत म्हणा. 'मॅनेजर साहेब सुट्टीवर आहेत, पुढच्या सोमवारी या.' मॅनेजरची परवानगी लागतच नाही. ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं तुम्हाला जड जाणार हे पत्रावरून कळतं, म्हणून मुलाला बरोबर न्या.

पॉलिसी होताना विमा कंपनीकडून खातरजमेचा एक फोन येतो. सगळ्याला हो म्हणा, औपचारिकता आहे, असं तुम्हाला सांगितलं गेलं असेल. तुम्ही हो म्हटलं असेल तरी घाबरू नका, फ्री लूकचा हक्क त्याने जात नाही. मुदत उलटून गेलेल्या वाचकांना मात्र तेच रेकॉर्डिंग आडवं येतं. त्यांनी आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची, विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंदवायची, आणि ३० दिवसांत दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जायचं. लोकपालाची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत, फी नाही, वकील लागत नाही. वाट लांबची आहे, पण चुकीची माहिती देऊन पॉलिसी विकल्याचं दाखवता आलं तर पैसे परत मिळू शकतात.

पॉलिसी परत झाली की तुमच्याकडे साडेपंचेचाळीस लाख राहतात आणि चित्र एकदम बदलतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, म्हणजे एससीएसएसमध्ये, एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. सध्या व्याज ८.२ टक्के. दर तीन महिन्यांनी ६१,५०० रुपये खात्यात येतात, महिन्याला साडेवीस हजार. तुमची महिन्याची तूट २० हजार आहे. भागली. पाच वर्षं तोच दर राहतो, नंतर तीन वर्षांसाठी वाढवता येते. खातं पोस्टात उघडतं तसं बँकेतही उघडतं. ज्या शाखेत तुम्हाला ही पॉलिसी मिळाली तिथेही बहुधा ही योजना आहे. तुम्हाला तिचं नाव कोणी सांगितलं नाही, कारण तिच्यात सांगणाऱ्याचा फायदा नाही.

उरले साडेपंधरा लाख. चार लाख एफडीत, हाताशी. पाच लाख आजारपणासाठी वेगळ्या एफडीत, वहिनींच्या नावावर. साडेसहा लाख म्युच्युअल फंडात, शेअर आणि कर्जरोखे दोन्ही असलेल्या एखाद्या साध्या हायब्रिड फंडात, वर्षभरात थोडे थोडे करून घाला आणि सात वर्षं विसरा. आज ३२ हजारांत चालणारं घर दहा-बारा वर्षांनी साठ हजार मागेल. एससीएसएसचं व्याज महागाईबरोबर वाढत नाही, त्या वेळी हे साडेसहा लाख कामी यायला हवेत. हा फंड निवडतानाही बँकेच्या काउंटरवर जाऊ नका.

'दरवर्षी एक परदेश' हा बेत मात्र सोडावा लागेल, हे स्पष्ट सांगतो. असा एक दौरा साडेसहा लाखांचा, आणि तुमच्या घराची जवळजवळ पावणेतीन वर्षांची तूट तेवढ्यात भागते. पॉलिसीचे ४० हजार येणार होते ते कधीच येणार नव्हते. आले असते तरी दौऱ्याचा सोळावा हिस्सा झाला असता, त्याला तुम्ही 'थोडी भर' म्हणत होता. हा दौरा करा, पैसे भरलेले आहेत, वयही आहे आणि पाय चालताहेत. पुढचा परदेश चार-पाच वर्षांनी, आणि तोही फंडाची स्थिती बघून. मधल्या वर्षांत पन्नास-साठ हजारांत बसेल असं काहीतरी करा.

आता अमाल्फी. युरो सोयीसाठी शंभर रुपयांचा धरतो, म्हणजे गाडी ७० हजारांची.

मुलाचं म्हणणं चूक नाही. नेपल्सहून जलद रेल्वेने सालेर्नो पाऊण तासाच्या आत येतं, तिथून बोटीने अमाल्फी अर्ध्या-पाऊण तासात. वर रावेल्लोला जायला बस आहे. बोटीतून तो किनारा सुंदर दिसतो, कदाचित रस्त्यापेक्षाही सुंदर, कारण डोंगराच्या उभ्या उतारावर रचलेली गावं समोरूनच बघावी लागतात. चौघांचं सगळं मिळून २० हजारांत बसेल. मुलाच्या वयाचा माणूस जाणार असता तर मी गाडी करू नका म्हटलं असतं.

पण तुमच्याबरोबर गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या ताई आहेत. त्या बसमध्ये उभं राहावं लागणं नेहमीचं आहे, मे महिन्यात तर नक्कीच, आणि रस्ता सतत वळणांचा. समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात. शिवाय तुमच्याकडे एकच दिवस आहे आणि संध्याकाळी तुमच्या ग्रुपमध्ये परत पोचायचं आहे. तिथे अडकलात तर ऐनवेळची टॅक्सी याच गाडीच्या तोडीचे पैसे घेईल. खासगी गाडी आणि बोट-बस यांतला फरक ५० हजारांचा, तुमच्या घराच्या वाट्याला २५ हजार. वहिनींनी मनात धरलेल्या एका दिवसासाठी तुमच्या स्थितीत हा खर्च परवडतो. तुमच्या वर्षाच्या खर्चाला त्याने धक्का लागत नाही.

पैसे निम्मे निम्मे, यावर मी ठाम आहे. सत्तर हजारांची गाडी तुम्ही एकट्याने करणार म्हटल्यावर ताईंनाही अवघडल्यासारखं होईल आणि परत आल्यावर त्या कुठल्या ना कुठल्या रूपाने फेडतील. थोरल्या बहिणीचा मान राखायचाच असेल तर त्या दिवशीचं जेवण तुमच्याकडून द्या. आणि टीसीएसचे २७ हजार 'गेले' असं लिहिलंत, ते गेलेले नाहीत. तो तुमच्या नावावर आगाऊ जमा झालेला कर आहे, आयकर खात्याच्या फॉर्म २६एएसमध्ये दिसेल. जुलैपर्यंत रिटर्न भरा आणि तो करात वळता करा किंवा परत मागा. तुमच्या वाट्याच्या ३५ हजारांतला मोठा भाग तिथेच निघतो.

गाडीवाल्याचा ईमेलही तुम्ही जोडला आहे. त्यात 'इंग्रजी बोलणारा ड्रायव्हर' असं लिहिलंय, गाइड असा शब्द नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इटलीत गाइडला परवाना लागतो. ड्रायव्हर गाडीत गप्पा मारत माहिती देईल, पण चर्चमध्ये किंवा व्हिलात तुमच्याबरोबर येऊन समजावून सांगणार नाही. परवानाधारक गाइड हवा तर त्याचे वेगळे पैसे पडतात. तुम्हाला त्याची गरज मला वाटत नाही. लोक तिथे जातात ते मुख्यतः किनारा बघायला, युनेस्कोनेही १९९७ साली तो सगळा निसर्ग आणि वस्ती मिळून जागतिक वारसा म्हणून घेतला आहे. फक्त 'गाइडेड' म्हणून भाव वाढवला असेल तर तो कमी करून मागा. चालकासह भाड्याच्या गाडीला तिथे वेगळा परवाना असतो, त्याला 'एनसीसी' म्हणतात, तो आहे का हे लेखी विचारा. स्वतः भाड्याने गाडी घेऊन चालवण्याचा विचार भावोजींच्या मनात असेल तर काढून टाका. रस्ता अरुंद, पार्किंग महाग, आणि गर्दीच्या दिवसांत सम-विषम नंबरचा नियम लागतो, ज्यातून परवान्याच्या गाड्या सुटतात, पर्यटकाची भाड्याची गाडी सुटत नाही.

आणखी लेखी विचारायचं ते असं : ७०० युरोत पार्किंग आणि टोल आहे का, किती तास, त्यापुढच्या तासाला किती, आणि दोन दिवस आधी रद्द केली तर पैसे परत मिळतात का. सगळे पैसे आधी बँकेतून पाठवू नका. थोडा ॲडव्हान्स कार्डाने, बाकी त्या दिवशी. साध्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा अधिभार आणि त्यावरचा जीएसटी मिळून चार टक्क्यांच्या आसपास जातात, म्हणजे सत्तर हजारांवर अठ्ठावीसशे. कमी अधिभाराचं फॉरेक्स कार्ड घ्या. तिथलं मशीन रुपयांत की युरोत असं विचारतं, तेव्हा युरोच निवडा. रुपये निवडले की ते आपल्या मनाचा दर लावतात.

चार ठिकाणं एका दिवसात जास्त होतात. सोरेंतो गाळा. सकाळी आठला निघून थेट पोझितानो, तिथून अमाल्फी, मग रावेल्लो, या क्रमाने जा. या दिशेने जाताना समुद्र उजवीकडे असतो आणि इटलीत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे तुमची गाडी समुद्राच्या कडेने जाते. पोझितानो म्हणजे नुसत्या पायऱ्या. गाडी वरच्या रस्त्यावर सोडते आणि किनाऱ्यापर्यंत उतरून परत चढावं लागतं. ताईंना ते जमणार नाही, त्यांच्यासाठी वरच्याच एखाद्या वळणावर थांबून गाव बघायला ड्रायव्हरला सांगा. अमाल्फीत चौक सपाट आहे, बसायला जागा आहे, फक्त कॅथेड्रलच्या ६२ पायऱ्या त्यांनी खालूनच बघाव्यात. रावेल्लो समुद्रापासून साडेतीनशे मीटर उंच आहे, पण गाडीतून उतरल्यावर चौकापर्यंतचं अंतर थोडं, आणि चौकाला लागूनच व्हिला रुफोलोची बाग. तिथून जे दिसतं त्यासाठी दिवसातला सर्वांत जास्त वेळ राखून ठेवा. परतताना किनाऱ्याने पुन्हा जाऊ नका. रावेल्लोवरून किउंझी घाट ओलांडून सरळ महामार्गाला लागता येतं, दुपारनंतरची कोंडी टळते.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाही आणि ती मला पॉलिसीइतकीच खुपते. निवृत्त होताना कंपनीचा मेडिक्लेम संपला असेल. त्यानंतर दोघांचा आरोग्य विमा घेतला आहे का? नसेल तर कंपनीच्या एचआरला आजच विचारा, कारण समूह विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि तसं गेलं तर जुन्या आजारांसाठी थांबण्याचा काळ आधी भरलेल्या वर्षांमधून वजा होतो. ती वेळ गेली असेल तर नवीन घ्या. जुन्या आजारांसाठी थांबावं लागेल, पण आता जास्तीत जास्त तीन वर्षं. तो महाग वाटेल, तरी घ्या. वर पाच लाख आजारपणासाठी ठेवायला सांगितले आहेत ते विम्याच्या जागी नाहीत, विम्याच्या जोडीला आहेत.

टूर कंपनीने व्हिसासाठी जो प्रवास विमा काढला असेल त्याचा कागदही मागून घ्या. शेंगेन व्हिसाला ३० हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं, म्हणून तेवढ्याचाच काढून देतात. त्यात आधीपासूनच्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते बघा आणि ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कोणाचं बीपी, शुगर, जे असेल ते फॉर्मवर लिहिलंय याची खात्री करा. लिहिलेलं नसेल तर निघण्यापूर्वी दुरुस्त करून घ्या, नंतर क्लेम नाकारायला तेवढं कारण पुरतं.

विमा कंपनीच्या शिक्क्याची प्रत मिळाली की तिचा फोटो मला पाठवा. पैसे जमा व्हायला उशीर झाला तर तक्रारीचा मसुदा मी करून देईन.